साखर मोजली, पिष्टाचे काय?

संपादक महोदय,

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांचे प्रमाण ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मंजूर केला. तो स्वागतार्ह आहे. पण रक्तातील साखर केवळ साखरेनेच वाढते असे त्यात गृहीत धरले आहे काय, अशी शंका माझ्यासारख्या मधुमेही ग्राहकाला येते.

मैद्यातून कोंडा आणि अंकुर काढून टाकलेले असतात व तो अतिशय बारीक दळलेला असतो. त्यामुळे त्यातील पिष्टाचे ग्लुकोज झपाट्याने होते. माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्ट त्याहून मासलेवाईक. मका किंवा टॅपिओकाच्या पिष्टापासून केलेल्या या पांढऱ्या भुकटीला फारशी गोडी नसते, पोषणतक्त्यातील साखरेच्या रकान्यात ती बहुतांशी धरलीच जात नाही, आणि तरीही तिचा ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवतो याचे माप) नेहमीच्या साखरेपेक्षा (सुमारे ६५) बराच वर, जवळपास शुद्ध ग्लुकोजइतका असतो. म्हणजे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नाही एवढ्या बळावर ‘शुगर फ्री’ म्हणवणारे मैद्याचे बिस्कीट नियमात अगदी चोख बसते; ग्लुकोमीटरवर उमटणारा आकडा मात्र तो नियम जाणत नाही. कृत्रिम गोडव्याच्या काही पुड्यांतही वजन भरण्यासाठी हीच भुकटी घातलेली असते.

आमच्या घरी कौतुकाने आणलेल्या ‘नाचणी’ बिस्किटांच्या पुड्यावर पहिला घटक मैदा निघाला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा नाचणीचा वाटा किती हे वेगळे सांगायला नको. (‘गुळाची’ बिस्किटे याच पंगतीतली, कारण गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते.)

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांच्यासाठी एकूण कर्बोदके व तंतुमय पदार्थ यांचे आकडे, तसेच ज्या धान्याच्या नावाने पदार्थ विकला जातो त्याची टक्केवारी, हेही पाकिटाच्या दर्शनी भागावर साखरेइतक्याच मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. कर्बोदकांचा आकडा मागच्या तक्त्यात आजही असतो. फक्त तो वाचायला भिंग लागते.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा