करार वाढवून घेतला आहे

बर्लिन

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

प्रयोगशाळेतील करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला असून सहीही केली आहे. फोनवर आईचा आवाज ऐकून मी अडखळले असते, म्हणून लिहिते आहे.

‘आमची मुलगी परदेशात लोकांची लघवी तपासते’ हे बाबांचे वाक्य सोसायटीत अजून चालते, असे दादाने कळवले. वाक्य खरेच आहे. लघवीत मूत्रपिंडातून सुटलेल्या थोड्या जिवंत पेशी असतात. एकेक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात वेगळी करून तिच्या आरएनएवर, म्हणजे जनुकांचे संदेश वाहणाऱ्या रेणूंवर, डबेवाल्यांच्या डब्यावर असते तशी खूण चढवतात, त्यामुळे हजारो पेशींचे मिश्रण एकत्र वाचले तरी कोणता संदेश कोणत्या पेशीचा हे कळते. इथेच बर्लिनमध्ये, मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या 32 रुग्णांच्या लघवीतील चाळीस हजारांहून अधिक पेशी अशा वाचल्या गेल्या. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जखमी नलिकापेशी दिसल्या, तशाच स्वतःला सावरणाऱ्याही. नानांना ज्या सुईसाठी पालथे झोपवले होते, ती न टोचता! बायोप्सीची, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याची, जागा या पद्धतीने अजून घेतलेली नाही, हेही सांगायला हवे. मूत्राशयाच्या आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत मूत्रपिंडाच्या पेशी निवडाव्या लागतात, शिवाय लघवीत पेशी लवकर मरतात. नमुना बर्फात ठेवून लगेच हाताळावा लागतो. घरी बसून करता येईल असे हे काम नाही, आई.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, तांदूळ मिळतो, मेतकूट अजून उरले आहे, आणि थंडी वाजली की तुझ्या गोधडीत मी पूर्वीसारखीच नाकापर्यंत शिरते.

आता बाबा, गुडघा दुखला की दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी बंद; मधुमेहात ती मूत्रपिंडाला महागात पडू शकते. डॉक्टरांना विचारून दुसरे काही घ्या. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) बरेच उशिरा वाढते, म्हणून लघवीतून किती प्रथिन गळते ते दाखवणारे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर दर वर्षी तपासायचेच. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तुमचे मागचे आकडे चांगलेच होते. पण या वेळी ‘सगळे ठीक’ एवढेच कळवू नका, अहवालाचा फोटो पाठवा, आईचाही.

तुमची,
मनू