ईयोबाच्या मित्रांसारखे बोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यूंच्या हत्याकांडावरील आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखावर वाचकांची पत्रे येत आहेत. एकाने लिहिले, देव असता तर ऑश्वित्झची नाझी मृत्युछावणी घडलीच नसती. दुसऱ्याने लिहिले, त्या लोकांचे काही पूर्वकर्म असणार. पहिल्याशी वाद घालता येतो. दुसऱ्याचे वाचून मात्र संताप आला. गॅस चेंबरमध्ये ढकललेल्या लेकराचे कर्म काढणारे आपण कोण?

ज्यूंच्या धर्मग्रंथातच याचे उत्तर आहे. ईयोब हा सज्जन माणूस. मुले, गुरेढोरे, तब्येत, सगळे गेले. तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर ठीक होते. मग तोंड उघडले ते ‘तुझेच काही चुकले असणार’ हे सांगायला. ईयोब ऐकत नाही, थेट देवाकडेच दाद मागतो. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर! माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही, असे देव त्यांना सुनावतो. दुःख का आले, हे ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाहीच. आजही ज्यू घरात सुतकाच्या सात दिवसांत भेटायला गेलेल्याने सुतकी माणसाच्या आधी बोलू नये, असा रिवाज आहे. त्याला आधार आहे तो त्या मित्रांच्या मौनाचा.

‘आमच्या पापांमुळे आम्ही देशोधडीला लागलो’ अशी प्रार्थनाही ज्यू करतात, हे मला माहीत आहे. पण ते स्वतःविषयी, स्वतःच्या तोंडून. दुसऱ्याच्या चितेपाशी उभे राहून नव्हे.

पोलंडमधील वॉर्साचे रब्बाय (ज्यू धर्मगुरू) कलोनिमस कालमन शापिरा यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९३९च्या बॉम्बहल्ल्यांत त्यांचा मुलगा आणि सून गेली. तरी घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ते प्रवचने करत राहिले. १९४१च्या हनुक्का या ज्यू सणाला त्यांनी सांगितले की, असे हाल पूर्वजांनीही सोसले आहेत, मग श्रद्धा आताच का डळमळावी? पुढच्या उन्हाळ्यात घेटोतून अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली गेली. त्यानंतर शापिरांनी त्याच प्रवचनाला टीप जोडली: १९४२च्या मध्यापर्यंत ते खरे होते, आताचे हाल मात्र पूर्वी कधीच झाले नव्हते. देवावरची श्रद्धा न सोडता त्यांनी आपला आधीचा युक्तिवाद मागे घेतला. याहून प्रामाणिक आस्तिक मला ठाऊक नाही. १९४३मध्ये नाझींनी त्यांना मारले. घेटोत पुरून ठेवलेले हस्तलिखित १९५०मध्ये दुधाच्या कॅनमध्ये सापडले.

युद्धानंतरही ज्यू विचारवंतांचे एकमत झाले नाही. रिचर्ड रुबेनस्टाइन यांनी इतिहास चालवणारा देव मानणे सोडले. एलिएझर बेर्कोविट्स म्हणाले, माणसाला स्वातंत्र्य द्यायचे तर देवाला तोंड लपवावे, म्हणजे मध्ये न पडता आड राहावे लागते. मला स्वतःला हे दुसरे उत्तर अपुरे वाटते. स्वातंत्र्य मारेकऱ्यांनी उपभोगले, किंमत मुलांनी मोजली. पण दोघांपैकी कोणीही मेलेल्यांवर ठपका ठेवला नाही.

पुरवणीत हा विषय पुढे चालू ठेवणार असाल, तर शापिरांच्या त्या टिपेचा मराठी अनुवाद जाणकाराकडून करून घेऊन छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे