पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही! काम मागणाऱ्यांना तुमची मदत पाहिजे

राम राम मंडळी. आमच्या तालुक्यातल्या बेरोजगार समितीकडून हे लिहायलोत. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा आणि पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत नक्की पोचवा.

आमचा भाग बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला. जमीन कोरडवाहू, सोयाबीन निघालं की रानातलं काम संपतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात उभा राहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. फडात बाई तापानं फणफणली तरी खाडा लागतो, त्याचा दंड वेगळाच, आणि लेकरांची शाळा सुटते ती सुटतेच. यंदा वाडी-तांड्यावरच्या बऱ्याच घरांनी ठरवलंय की उचल घ्यायच्या आधी गावातच रोजगार हमीचं काम मागायचं, आणि तोंडी नाही, लेखी. सोबत आम्ही पण आहोत, बीए, डीएड, आयटीआय करून भरतीची वाट बघण्यात वय चाललेली पोरंपोरी. आम्हाला फॉर्म भरता येतो, त्यांना खोदता येतं, म्हणून एकत्र आलो.

कुणी म्हणतं, सरकारपुढं काय हात पसरायलेत. अहो हात पसरणं नाही हे. आमच्या आज्या-आजोबांनी ७२ च्या दुष्काळात उन्हात खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, नालाबांध आन पाझर तलाव त्यांच्याच हातचे. रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागेंनी १९६५ ला तासगाव तालुक्यात जे करून बघितलं होतं ते त्या दुष्काळात राज्यभर गेलं, १९७७ ला त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे देशात आधी महाराष्ट्रानं कायद्यात लिहिलं, केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ ला आला.

आणि नोकरीवाल्या भावा-बहिणींनो, तुमच्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापतात ना, फेब्रुवारीत ३००? तो कर १९७५ ला रोजगार हमीसाठीच सुरू झालाय. म्हणजे तुम्ही आधीपासून आमच्या सोबत आहात, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

मग अडतंय कुठं? एका कागदावर. नमुना ४ भरून काम मागितलं की तारीख टाकून पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याची पावती, द्यावी लागते. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकार भत्ता. आता पोचच दिली नाही तर कामाची मागणी कागदावर येतच नाही, मागणी नाही म्हणून काम नाही, आणि वर परत ऐकायला मिळतं की तुमच्या भागात मजूरच मिळत नाहीत! आम्हालाही मागच्या खेपेला "ठेवून जा, बघतो" म्हणून अर्ज ठेवून घेतले, पोच एकालाही नाही.

यावेळी आमच्यात एक मावशी होत्या, साठीच्या पुढच्या, सही येत नाही, अंगठा. दुपारी अडीच वाजेपर्यंत कार्यालयातल्या टेबलासमोर खाली बसून राहिल्या, भाकर तिथंच सोडली, आणि "तारीख टाकून दे लेकरा, मग जाते" एवढं एकच वाक्य धरून बसल्या. शेवटी शिक्का मारून कागद हातात आला. तो त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून पदराला बांधला. त्या दिवशी आमच्यातल्या शिकलेल्या पोरांना कळलं की कायदा कसा वापरायचा.

आता दिवाळीच्या आधी आजूबाजूच्या सगळ्या वाड्या-तांड्यांवरून एकाच दिवशी अर्ज द्यायचेत आणि पोच घेतल्याशिवाय कुणीच उठायचं नाही, रात्र झाली तरी. त्यासाठी मदत पाहिजे. झेरॉक्सचा खर्च सगळ्यात मोठा, जॉब कार्ड, आधार, पासबुक, अर्जाच्या दोन प्रती, माणशी हिशोब करून बघा. तांड्यावरून यायला एसटी नाही, कुणाचा टेम्पो किंवा पिकअप एक दिवस मिळाला, नुसतं डिझेल जरी टाकून दिलं तरी भागतं. ज्वारी, पीठ, डाळ, तेल द्या, पिठलं-भाकरी करायला बाया तयार आहेत. लेकरं सांभाळायला दोघी-तिघी पाहिजेत. आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा माणसं जास्त पाहिजेत, रिटायर झालेले गुरुजी, बँकेतले, वकील, ज्यांना अर्ज वाचता लिहिता येतो आणि साहेबापुढं शांतपणे दोन शब्द बोलता येतात.

ठेकेदाराचा आणि कुठल्याही पक्षाचा पैसा आम्ही घेत नाही, निवडणूक आली तरी घेणार नाही. आलेल्या एकेक रुपयाची पावती फाडतो आणि हिशोब दर गुरुवारी बाजारात पारावर मोठ्यानं वाचून दाखवतो, कुणीही वही उघडून बघावी. मोबाईलवर कुणी आमच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका, बाहेरगावच्यांनी आपल्या गावातल्या ओळखीच्या माणसाच्या हातीच पाठवा.

गुरुवारी सकाळी दहापासून पाराजवळ टेबल लावलेलं असतं. येताना घरातला चालू पेन आणि पाठकोरे कागद असतील तर तेवढे घेऊन या, अंगठ्यासाठी शाईचा पॅड पण संपत आलाय.