फ्लॅटच्या ताब्याबरोबर वायरिंगचा अहवालही द्या

महोदय,

नव्या फ्लॅटचा ताबा घेताना माणूस फरशी ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, दाराला बुरशी आहे का ते वाकून बघतो. भिंतीतली आणि छतातली वायर मात्र कुणी बघत नाही.

मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालो. यंदा पाडव्याला मुलाने आंबेगाव बुद्रुकच्या फ्लॅटची किल्ली घेतली. बाथरूममध्ये शॉवरवरचा दिवा फडफडत होता म्हणून मेन बंद करून फॉल्स सीलिंगमधून तो खाली ओढला. दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप; कनेक्टर नाही, डबी नाही. दिव्याची बॉडी पत्र्याची आणि अर्थिंगची हिरवी वायर आखूड कापून मागे दुमडलेली. वरच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपची ओल त्या टेपपर्यंत उतरली होती. नंतर मेन चालू केले, तर बटण बंद असतानाही त्या वायरीवर टेस्टर पेटला. म्हणजे बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) टाकलेले. बटण बंद करून दिवा बदलायला स्टुलावर चढणाऱ्याला हे कळणार कसे?

साइट इंजिनिअरला दाखवले. ‘काका, सगळ्या विंगला असंच आहे, कुणाचीच तक्रार नाही,’ म्हणाला. मला धीर देत होता बहुधा.

मग डीबी, म्हणजे घरातली विजेची मुख्य पेटी, उघडली. गळती होताच पडून वीज तोडणारी आरसीसीबी होती, पण बाथरूमचे सर्किट तिला वगळून जोडलेले. कारण ओळखीचे आहे. न्यूट्रल कुठे अर्थला टेकला किंवा ओलीमुळे गळती झाली की आरसीसीबी पडते, आणि पडायलाच हवी. दोष शोधायला अख्खा दिवस जातो, तिला वगळायला पाच मिनिटे.

‘एमसीबी आहे ना’ असे अनेक जण म्हणतात. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. ६ अँपिअरची एमसीबी पडायला त्याहून जास्त प्रवाह लागतो. ओल्या अंगातून त्याचा दोनशेवा भाग गेला तरी जिवावर बेतू शकते. घरातली आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते ती म्हणूनच. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते दाबून ती पडते का, हे महिन्यातून एकदा तरी बघावे. अर्थात तुमचे बाथरूम तिच्यावर असेल तर.

बिल्डरने लावलेल्या दिव्यावर ‘आयपी २०’ छापले आहे. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा, आणि शून्य म्हणजे पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. हॉलमध्ये असा दिवा खुशाल लावा, शॉवरच्या डोक्यावर नको. आम्ही तिथे आता १२ व्होल्टचा आयपी ६५ दिवा घेतला आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे १२ व्होल्ट पुरवणारी डबी, बाथरूमबाहेर पॅसेजच्या छतात बसवला. दिवा स्वस्तच आहे. खर्च आला तो वायर नव्याने ओढायचा.

तो खर्च खरे तर आमचा नव्हे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तक्रार फोनवर करू नये, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. सीलिंग उघडल्यावरचे फोटो जोडावेत, कारण प्लास्टर झाल्यावर पुरावा उरत नाही.

माझी मागणी साधी आहे. वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल महावितरणला द्यावा लागतो. त्याची प्रत फ्लॅटधारकाच्या हाती पडत नाही. ताबापत्रासोबत ती मिळालीच पाहिजे, आणि त्यात प्रत्येक फ्लॅटची ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) केलेली चाचणी, अर्थिंगचे माप आणि कोणते सर्किट कोणत्या एमसीबीवर आहे याचा नकाशा हवा. मेगरची चाचणी एका फ्लॅटला अर्धा तासही घेत नाही. महारेराने ताब्याच्या कागदपत्रांत ही अट घालावी. तोवर ताबा घेणाऱ्यांनी सही करण्याआधी स्वतःचा वायरमन नेऊन बाथरूममधला एक तरी दिवा उतरवून बघावा. बिल्डरच्या माणसाने नको म्हटले, तर दोन उतरवावेत.

– एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, आंबेगाव बुद्रुक, पुणे