सीयूईटी म्हणजे एमएचटी-सीईटी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावी बोर्डाचे पेपर संपले की सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या तयारीचे सल्ले सगळीकडे छापून येऊ लागतात. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ अशा ठिकाणी पदवीला प्रवेश हवा असलेली आपल्याकडची मुले ते मन लावून वाचतात. यातले बरेचसे सल्ले राज्य मंडळाच्या मुलांना लागू पडत नाहीत, आणि काही तर साफ चुकीचे असतात. गणित आणि इंग्रजी या दोन पेपरांपुरते थोडे सविस्तर लिहितो.

आधी पेपरचे स्वरूप. २०२४ पर्यंत ५० पैकी ४० प्रश्न सोडवण्याची मुभा होती. २०२५ पासून ती गेली. आता प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकल्यास १ वजा. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे असतात आणि चुकीला दंड नाही. तिथल्या वेगाची सवय घेऊन इथे आलेल्या मुलाचे शेवटचे दहा-बारा प्रश्न हमखास राहतात. जुने पेपर सोडवतानाही ५० च्या ५० प्रश्न ६० मिनिटांत बसवूनच सोडवावेत, नाहीतर सराव जुन्या परीक्षेचा होतो.

आता तो लाडका सल्ला : ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या.’ आकडेमोड करून पाहू. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एकदा या हिशेबाने ५ मिळतात आणि तीनदा १-१ जातो. चार प्रश्नांत निव्वळ २ गुण, म्हणजे प्रश्नामागे सरासरी अर्धा गुण पदरात. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले तर सरासरी १, दोन कळले तर २. कोरा सोडल्यास शून्य. याचा अर्थ ठोकत सुटावे असा नाही. दहा प्रश्न आंधळेपणाने ठोकले, तर निदान दोन बरोबर यावे लागतात, नाहीतर तोटा. आणि एकच बरोबर येण्याची किंवा एकही न येण्याची शक्यता सुमारे २४ टक्के आहे. (हे गणित बारावीच्या शेवटच्या प्रकरणातले, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनचे. मुलांनीच करून पाहावे.) पण एखादा पर्याय खोडता येत असताना केवळ भीतीने प्रश्न कोरा ठेवणे हा शहाणपणा नव्हे. खरे नुकसान वजा गुणांपेक्षा वेळेने होते. एका अडलेल्या इंटिग्रेशनवर चार मिनिटे घातली की पुढचे तीन सोपे प्रश्न गेले, म्हणजे १५ गुण.

गणितात अडचण अवघडपणाची कमी आणि पुस्तकांच्या मांडणीची जास्त आहे. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या (सीबीएसई शाळांत चालणारी पुस्तके काढणारी केंद्रीय संस्था) बारावीवर बेतलेला आहे. आपल्याकडे डिटरमिनंट, रिलेशन्सचे प्रकार, कंटिन्युइटी, कंडिशनल प्रोबॅबिलिटी आणि बेजचा सिद्धांत हे सगळे अकरावीत येते. आणि अकरावी आपल्याकडे कशी होते हे सांगायला नको. उलट बारावीत ज्यावर महिना खर्ची पडतो, ते मॅथेमॅटिकल लॉजिक आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स सीयूईटीत येतच नाही. म्हणून बोर्डाचा पेपर झाल्यावर पहिले दोन आठवडे अकरावीच्या या चार प्रकरणांना द्यावेत, तेही एनसीईआरटीच्या पुस्तकातून, कारण प्रश्नांची भाषा तिथली असते. उदाहरणार्थ : १, २, ३ या संचावर (१, २) ही जोडी असलेली इक्विव्हॅलन्स रिलेशन्स किती? जोड्या मांडत बसले तर पाच मिनिटे जातात. संचाचे गट पाडायचे आहेत एवढे ओळखले, तर १ आणि २ एकाच गटात, ३ त्यांच्याबरोबर किंवा वेगळा. उत्तर २, वेळ दहा सेकंद.

मॅट्रिक्सचेही तसेच. बोर्डात इन्व्हर्स काढायला रांगांवर क्रिया करत पानभर पायऱ्या लिहायच्या आणि पायरीगणिक गुण घ्यायचे, ही सवय लागते. इथे विचारतात : ३ बाय ३ मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ४ आहे, तर त्या मॅट्रिक्सच्या दुपटीचा किती? निम्म्या मुलांचे उत्तर ८ येते. दोन हा प्रत्येक रांगेतून बाहेर येतो, रांगा तीन, म्हणून ८ गुणिले ४, म्हणजे ३२. अ‍ॅडजॉइंटचा डिटरमिनंट मूळ किमतीचा वर्ग, १६. असे दहा-बारा गुणधर्म एका कागदावर लिहून पाठ असावेत. डेफिनिट इंटिग्रल दिसले की सोडवण्याआधी मर्यादांची बेरीज करून त्यातून एक्स वजा करावा आणि ते एक्सच्या जागी घालून पाहावे. अंश आणि छेदातला उरलेला भाग यांची अदलाबदल होत असेल, तर उत्तर मर्यादांतल्या अंतराच्या निम्मे.

वाणिज्य शाखेच्या मुलांनी एक ध्यानात घ्यावे. पेपरात १५ प्रश्न सगळ्यांना समान, उरलेले ३५ गणिताचे किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्सचे. इंडेक्स नंबर, टाइम सिरीज, लिनिअर प्रोग्रॅमिंग ज्यांनी केले आहे त्यांना दुसरा पर्याय जवळचा. मात्र अ‍ॅलिगेशन, नाव आणि प्रवाह, नळ आणि टाकी हे वेगळे करावे लागेल. आपण अर्ज करतो त्या अभ्यासक्रमाला अप्लाइड चालते का, हे फॉर्म भरण्याआधी पाहावे, नंतर नव्हे.

इंग्रजीकडे बहुतेक जण ‘ते येतंच’ म्हणून पाठ फिरवतात. भाषेच्या पर्यायांत मराठीही आहे. तुमचा अभ्यासक्रम ती स्वीकारतो का ते पाहून जरूर घ्यावी. इंग्रजीच घ्यायची असेल, तर बोर्डाची तयारी पुरत नाही. इथे निबंध नाही, सारांश नाही. उतारे, वाक्यांचा क्रम, योग्य शब्द, समानार्थी-विरुद्धार्थी, एवढेच.

मराठीत विचार करणाऱ्याच्या चुका ठरलेल्या असतात, म्हणून त्या पकडताही येतात. आपण ‘जरी… तरी’ अशी जोडी लावतो, म्हणून इंग्रजीत ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घुसतो. ‘दोन वर्षांपासून’ डोक्यात असते, म्हणून ‘फॉर टू इयर्स’ऐवजी ‘सिन्स टू इयर्स’ बरोबर वाटते. ‘च्याबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’, आणि ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी’पुढे ‘विथ’. अशा पन्नासेक चुकांची वही केली तरी पुष्कळ काम होते.

सर्वांत जास्त गुण जातात ते वाक्यांच्या क्रमात, आणि त्याचे कारणही भाषेतच आहे. मराठीला ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे मुले ते वाचतात पण पाहत नाहीत. खरे तर क्रमाची किल्ली तीच. ‘अ फार्मर’ असलेले वाक्य आधी, ‘द फार्मर’ नंतर, ‘ही’ त्याहून नंतर. ‘धिस’, ‘सच’, ‘हाउएव्हर’ने सुरू होणारे वाक्य पहिले असणे जवळपास अशक्य. सरावाला क्लास लागत नाही. इंग्रजी दैनिकातल्या अग्रलेखाचा एक परिच्छेद घ्यावा, वाक्ये कापून पिसावीत आणि पुन्हा लावावीत. रोज दोन. उताऱ्यात आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा, आणि उत्तर उताऱ्यातच शोधावे. स्वतःला पटणारा पर्याय आणि लेखकाने म्हटलेला पर्याय यांत गल्लत होते ती इथेच.

शेवटी संगणकाचे. पर्याय निवडून नुसते उजवीकडच्या प्रश्नक्रमांकावर क्लिक करून पुढे गेले, तर निवडलेले उत्तर नोंदले जात नाही. ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबावेच लागते. ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ करताना उत्तर सेव्ह केलेले असेल, तर ते तपासणीत धरले जाते. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरच्या सराव चाचणीत हे एकदा करून पाहायला पंधरा मिनिटे पुरतात.

आपला,
गणित व इंग्रजीचा एक शिक्षक, कऱ्हाड