अर्धधातू म्हणजे अर्धसंवाहक नव्हे

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील टोपोलॉजिकल पदार्थांवरचा (म्हणजे ज्यांचे काही विद्युत गुणधर्म लहानसहान बदलांनी पुसले जात नाहीत, अशा पदार्थांवरचा) लेख वाचला. इतका नवा विषय मराठीत आला याचा मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातील एक चूक आपल्या निदर्शनास आणून देणे मला अगत्याचे वाटते. लेखात ‘सेमीमेटल’साठी सर्वत्र ‘अर्धसंवाहक’ हा शब्द आला आहे. अर्धसंवाहक म्हणजे सेमीकंडक्टर; येथे ‘अर्धधातू’ हवा होता.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. सिलिकॉन या अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमध्ये (इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यांमध्ये) सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट असते, त्यामुळे त्याहून कमी ऊर्जेचा अवरक्त प्रकाश शुद्ध सिलिकॉनमधून बहुतांशी आरपार जातो. टोपोलॉजिकल अर्धधातूंत ही फट काही ठिकाणी पूर्ण मिटलेली असते. वर्गात मी फळ्यावर डमरू काढतो: वरचा शंकू म्हणजे रिकामी पट्टी, खालचा म्हणजे भरलेली, आणि कंबरेशी दोन्ही एका बिंदूत भिडलेले. परळीच्या यात्रेत डमरू वाजवलेल्या मुलांना पुढचे फारसे सांगावे लागत नाही. कंबरेजवळ इलेक्ट्रॉनांना जागा कमी, वर जावे तशी ती वाढत जाते. म्हणून इलेक्ट्रॉन जिथवर भरले आहेत ती पातळी नेमकी कंबरेशी असेल, तर अगदी कमी ऊर्जेचा प्रकाशही शोषला जातो आणि प्रकाशाची वारंवारता वाढेल त्या प्रमाणात पदार्थाची प्रकाशीय वाहकता (प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला इलेक्ट्रॉन किती प्रतिसाद देतात याचे माप) सरळ रेषेत वाढते. अर्धसंवाहकात असे घडत नाही.

चुंबकीय क्षेत्रातील मोजमापावरून या पदार्थांतील इलेक्ट्रॉनांचे वेगळे वर्तन ‘सिद्ध झाले’ असे लेखात म्हटले आहे, तेथे मात्र सावधगिरी हवी होती. गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९२९ मध्ये समीकरणातून मांडलेल्या वस्तुमानरहित कणांसारखे वागणारे इलेक्ट्रॉन २०१५ मध्ये टँटॅलम आर्सेनाइडच्या स्फटिकात आढळले, हे खरे. अशा पदार्थात चुंबकीय क्षेत्र विद्युतप्रवाहाला समांतर ठेवले, तर रोध वाढण्याऐवजी कमी होतो, हेही मोजले गेले आहे. परंतु नमुन्यावरचे जोड (जेथून प्रवाह आत सोडतात त्या जागा) लहान असले, तर क्षेत्रामुळे प्रवाह एका अरुंद पट्ट्यातून धावतो आणि रोध कमी झाल्याचा नुसता भास होतो, त्यामुळे एवढ्या एका मोजमापावर निष्कर्ष काढता येत नाही.

माझ्या बारावीच्या दोन विद्यार्थिनींनी तो लेख कापून वहीत चिकटवला आहे. पुढील पुरवणीत दुरुस्ती छापल्यास ती त्याच पानावर चिकटवता येईल.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड