आईंच्या सोबतीसाठी घेतलेल्या सेवेबद्दल लेखी तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठ महिलेसाठी घेतलेल्या सेवेतील त्रुटी, चुकीच्या नोंदी आणि शुल्क परतावा यांबाबत

महोदय,

सांगलीच्या गावभागातून हे पत्र लिहिते आहे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, ऐंशीच्या पुढच्या आहेत. मिरजेच्या डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं त्याला आता काही वर्षं झाली. मी शाळेत शिक्षिका आहे, यजमान मार्केट यार्डात नोकरीला आहेत. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत आईंजवळ कुणी जाणतं माणूस असावं म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या कंपनीशी करार केला. तुमच्या माहितीपत्रकावर दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या : ‘डिमेन्शियाचं प्रशिक्षण घेतलेली सोबती’ आणि ‘एकटेपणावर मायेचा उपाय’. साध्या दिवसपाळीपेक्षा या सेवेचे पैसे बरेच जास्त होते. ते आम्ही दर महिन्याला आगाऊ भरले.

तक्रार लिहायला बसले ती एका फोनमुळे. मागच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. तुमच्या कार्यालयातून आमच्या लँडलाइनवर फोन आला. सोबतीला आलेल्या मावशींनी तो घेतला आणि सरळ आईंच्या हातात दिला. पलीकडच्या मुलीचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. “आजी, आमची सेवा कशी वाटते?” आई म्हणाल्या, “छान आहे हो सगळं. तुम्ही कुठल्या? या एकदा जेवायला.” संध्याकाळी तुमच्या ॲपवर आमच्या खात्यात नोंद आली : ग्राहक समाधानी, पाच तारे.

ज्या बाईंना दुपारी आपण जेवलो की नाही हे सांगता येत नाही, त्यांच्या तोंडून तुम्ही समाधानाचा दाखला घेतलात. या आजारात नुकतं घडलेलं आधी पुसलं जातं. आल्यागेल्याशी गोड बोलायची जन्माची सवय मात्र बराच काळ टिकते. डिमेन्शियाचं प्रशिक्षण देतो म्हणणाऱ्या कंपनीला एवढं ठाऊक असायलाच हवं. आईंना स्वतःची तक्रार करता येत नाही, म्हणून ती मी करते आहे.

सुरुवातीला तुम्ही पाठवलेल्या मावशी तासगावकडच्या होत्या. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उलट त्यांचं काम इथं नीट लिहून ठेवायचं आहे. आईंचं माहेर हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथं जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. आईंचे वडील त्याच कामातले. दिवस कलला की आईंना माहेरी जायची ओढ लागते. पिशवी भरतात, चपला शोधतात, दाराशी येऊन उभ्या राहतात. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी बेचैनी वाढते हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. त्या मावशी कधी “आता कुठलं माहेर” असं म्हणाल्या नाहीत. “निघू की आई. एवढा च्या घेऊ आन् निघू,” म्हणायच्या. चहा पिता पिता विचारायच्या, “पेव उघडलं की लगीच आत उतरत न्हवते म्हणं?” की आई सांगायला लागायच्या : आत हवा कोंदलेली असते, तोंड उघडं ठेवायचं, वारं खेळू द्यायचं, मगच माणूस उतरवायचा. बोलता बोलता हात चालायचे, ताटातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडून व्हायच्या आणि पिशवीचा विसर पडायचा. मी शाळेतून आले की मलाही सांगायच्या, ही फार चांगली मुलगी आहे. मावशींचं नाव त्यांना एकदाही आठवलं नाही, पण त्या आल्या की आईंचा चेहरा सैल व्हायचा. त्या काळात डॉक्टरांनी एकही गोळी वाढवलेली नाही. मावशींना आईंची माहिती झाली होती आणि आईंना मावशींची सवय झाली होती.

नेमकं तेच तुम्ही मोडलंत. एका सोमवारी दारात दुसऱ्याच बाई उभ्या होत्या. आधी फोन नाही, निरोप नाही. विचारल्यावर तुमच्या समन्वयकांनी सांगितलं की कोल्हापूरच्या एका ग्राहकाला अनुभवी माणूस हवं होतं. त्यानंतर मावशी बदलतच राहिल्या. काहींची नावं आम्हाला कळेपर्यंत त्या गेल्याही. तुमच्या हिशेबात पाळी भरली म्हणजे सेवा दिली. आईंच्या दृष्टीनं मात्र प्रत्येक नवा चेहरा म्हणजे घरात शिरलेलं परकं माणूस. ते आंघोळीला चला म्हणतं, अंगावरच्या कपड्यांना हात लावतं. त्या हात झटकणार नाहीत तर काय करतील? एका संध्याकाळी त्यांच्या मनगटावर घट्ट धरल्याचे बोटांचे वळ होते. त्या दिवसाच्या अहवालात ओळ आहे : ‘रुग्ण असहकार्य करतात. स्नान दिले.’ वळांबद्दल अक्षर नाही.

करार झाला तेव्हाच मी एक वही लिहून दिली होती. आंघोळ चहानंतरच, डावा गुडघा दुखतो, कोणत्या गोष्टीला घाबरतात, कशानं रमतात, सगळं. तुमच्या समन्वयकांनी तिच्या पानांचे फोटोही काढून नेले. पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं आहे : ‘आई बाबांबद्दल विचारतील. ते वारले असं सांगू नये. त्यांच्याविषयी बोलतं करावं, बाबांना काय आवडायचं ते विचारावं.’ माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. ऑगस्टमध्ये आलेल्या मावशींना ती वही कुणी दाखवलीच नव्हती. आईंनी विचारलं, त्यांनी सांगून टाकलं, “ते कवाच वारले की आजी.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं. पण आईंना ती बातमी त्याच क्षणी पहिल्यांदा कळली. मी आले तेव्हा त्या भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “मला कुणी सांगितलं कसं नाही गं? नेलंसुद्धा?” सकाळी त्यांना काय ऐकलं ते आठवत नव्हतं, पण काहीतरी वाईट घडलंय हे मनातून जाईना. घास घशाखाली उतरेना. आठवण पुसली तरी तिचं दुःख मागे राहतं, हे आम्ही घरात पाहिलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावभागात पाणी शिरलं होतं. तेव्हापासून पाऊस लागला की आई सारखं विचारतात, “आयर्विनला किती फूट झालं?” (आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथं मोजतात.) “उतरतंय पाणी,” एवढं म्हटलं की त्यांना पुरतं. वहीत हेही होतं. तरी दिवसभर टीव्हीवर पुराची दृश्यं चालू ठेवली गेली आणि आई भांडी माळ्यावर ठेवायला स्टुलावर चढल्या. शेजारच्या वहिनींनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं.

आता एकटेपणाबद्दल, कारण तुम्ही तो शब्द छापून पैसे घेता. आईंना कमी ऐकू येतं, म्हणून कानाचं यंत्र आहे. वही आणि यंत्राची डबी मला एकाच ड्रॉवरमध्ये सापडली, यंत्रातला सेल संपलेला. किती दिवस ते कानात घातलं नव्हतं, हे तुमच्या अहवालातून कळत नाही. आई खिडकीशी, मावशी मोबाइलमध्ये, आणि मध्ये एकही शब्द ऐकू येत नाही, असे दिवस त्यांनी काढले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या आहेत. कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं या दोन्ही त्यात आहेत. आईंचा आजार आता मागे फिरणार नाही, हे मला माहीत आहे. पण उरलेलं जेवढं आहे ते तरी त्यांना ऐकता यावं, बोलता यावं. माणूस नुसतं खोलीत बसवून ठेवल्यानं सोबत होत नाही.

सप्टेंबरमध्ये आई अचानक फार चिडचिड करू लागल्या, रात्र रात्र जागू लागल्या. तुमच्या समन्वयकांनी फोनवर सल्ला दिला, “डॉक्टरांना सांगून झोपेची गोळी वाढवून घ्या, आमच्या मावशींना सांभाळणं सोपं जाईल.” आम्ही मिरजेला नेलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्यावर औषध झालं आणि आई पूर्ववत झाल्या. वृद्धांमध्ये, त्यातून स्मृतिभ्रंशात, असा अचानक बदल दिसला तर आधी संसर्ग, दुखणं, बद्धकोष्ठता तपासायची असते. आणि वागणं शांत करण्यासाठी देतात त्यातल्या मनोविकारविरोधी औषधांनी अशा रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ सालीच दिला आहे. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. मावशींच्या सोयीसाठी असला सल्ला देण्याचा अधिकार तुमच्या समन्वयकांना कुणी दिला?

सर्वांत गंभीर प्रकार त्यानंतरचा. संध्याकाळी आई पिशवी घेऊन घराबाहेर पडल्या आणि हरिपूर रस्त्याला लागल्या. मावशी आतल्या खोलीत फोनवर होत्या. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या दादांनी ओळखलं आणि “आजी, मी पण हरिपूरलाच निघालोय” म्हणून बसवून घरी आणलं. त्या रस्त्याला नदी किती जवळ आहे हे सांगलीत कुणालाही विचारा. त्या दिवसाचा अहवाल माझ्याकडे जपून ठेवला आहे : ‘दिवस शांत गेला.’ तक्रार केल्यावर तुमच्याकडून उत्तर आलं, दाराला बाहेरून कडी घालत जा. घरात आग लागली, आई पडल्या, तर बाहेरून घातलेल्या कडीचं काय करायचं? घरात माणूस असताना कडी लावायची, तर मग माणसाचे पैसे कशाबद्दल?

मावशींना कामावरून काढा, अशी माझी मागणी नाही. त्यातल्या एकीनं मला सांगितलं की ‘प्रशिक्षण’ म्हणजे एक सकाळ होती. बीपी मोजणं, डायपर बदलणं, ॲपवर हजेरी लावणं. स्मृतिभ्रंशाबद्दल काहीच नाही. दूरच्या गावाहून पहाटेची एसटी धरून त्या येतात. कुठल्या घरात, कुठल्या आजाराच्या माणसाकडे चाललोय हेही त्यांना दारात कळतं. जबाबदारी त्यांना तसं पाठवणाऱ्यांची आहे. आमच्या गल्लीतच कितीतरी घरांत म्हातारी दोघं किंवा एकटीच आहेत, मुलं पुण्या-मुंबईला. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. ही सेवा लोकांना लागणारच आहे, आणि ती नीट मिळावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं. तासगावकडच्या मावशी यायला तयार असतील तर त्यांनाच आईंकडे पाठवा. ते शक्य नसेल तर एकच मावशी कायम आणि त्यांच्या रजेसाठी ठरलेली दुसरी एक, एवढ्या दोघीच आमच्याकडे येतील असं लेखी द्या. नवीन मावशींनी आधी जुन्यांबरोबर काही दिवस घरी यावं, वही वाचावी, आणि आईंनी त्यांना स्वीकारल्यावरच एकटीनं पाळी घ्यावी. प्रशिक्षण कुणी, किती तास, काय दिलं याची कागदपत्रं मला दाखवा. पहिल्या मावशी गेल्यापासून ‘प्रशिक्षित सोबती’ म्हणून जे जादा शुल्क घेतलंत, ते परत करा. अहवालातली ‘असहकार्य’ ही नोंद काढा, आणि आई घराबाहेर पडल्या त्या दिवसाचा अहवाल दुरुस्त करून खरा प्रकार लिहा. सेवेबद्दल विचारायचं असेल तेव्हा मला किंवा यजमानांना विचारा. आईंशी बोलायला तुमच्या मुलींनी जरूर फोन करावा, त्यांना आवडेल. पण त्याचे तारे करू नयेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात दाद मागायची सोय त्या कायद्यानं दिली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. अहवालांच्या प्रती, वळांचे फोटो, लघवीच्या तपासणीचा कागद आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत. वहीची नवी प्रतही जोडली आहे. या वेळी ती फोटो काढून ठेवून देऊ नका. जी मावशी येणार असेल तिच्या हातात द्या, आणि तिला वाचायला अडचण असेल तर कुणीतरी वाचून दाखवा.

आपली,
करारातील ग्राहक
गावभाग, सांगली